निफाडचा हिवाळा आणि माझे रक्त

मध्य रेल्वेने नाशिक रोड सोडले की ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे ही छोटी स्थानके मागे टाकीत गाडी निफाडला येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी याच गावी झाला. त्यांच्या जन्मगावाचा हा अभिमान आम्ही निफाडकर पाहुण्यांना आवर्जून सांगतो. परंतु अलीकडे निफाडचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत, आणि तेही तापमानाच्या बातमीत. गावाशेजारी कुंदेवाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तेथील तापमापकाचा पारा सकाळी कोठवर उतरला, हे राज्यभर छापले जाते. चार-पाच अंश हा आकडा आम्हांस नवा नाही. काही वर्षी तो याहूनही खाली गेलेला आहे.

निफाडला थंडी इतकी का पडते, याचे कारण येथील भूगोलात आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, गार वारे येतात. आकाश निरभ्र असते, त्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. गार हवा जड असते. ती उतरत उतरत गोदावरी, कादवा आणि बाणगंगा यांच्या खोलगट काठांवर साचून राहते. दुपारी मात्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे स्वच्छ ऊन पडते. पहाट आणि दुपार यांतील एवढे मोठे अंतर गव्हाला मानवते; द्राक्षाला ते सोसत नाही. थंडीत मण्यांची वाढ थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात, हिरव्या वाणांच्या घडांवर गुलाबी छटा येऊन ‘पिंक बेरी’ होते आणि निर्यातीचा माल एका रात्रीत स्थानिक बाजाराचा होतो. म्हणून आमच्याकडील बागायतदार पहाटे उठून वेलींच्या ओळींत शेकोट्या पेटवितात आणि बागेला पाणी सोडतात. अशा पहाटे उगावच्या रस्त्याने गेल्यास दोन्ही बाजूंच्या बागांतून धुराचा थर जमिनीलगत तरंगताना दिसतो.

सदतीस वर्षे बँकेत काढून मी सेवानिवृत्त झालो. त्यांतील बरीच वर्षे याच तालुक्यात पीककर्जे आणि शीतगृहांची मुदतकर्जे मंजूर करण्यात गेली. थंडीने बागायतदाराचे किती नुकसान होते, याचा हिशेब मी कागदावर पुष्कळदा केला होता. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तोच हिशेब माझ्या स्वतःच्या रक्ताचा करावा लागला.

त्या हिवाळ्यात थकवा येऊ लागला. जिना चढताना धाप लागे. सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलो की बोटांची टोके निळसर-जांभळी पडत, आणि हात शेकले की पुन्हा पूर्ववत होत. डोळ्यांत पिवळेपणा आला. काही सकाळी लघवीचा रंग काळ्या चहासारखा असे. रक्ततपासणीसाठी गेलो, तेव्हा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने नळी उजेडात धरून फिरविली आणि तो थबकला. काचेच्या भिंतीवर रक्त रवाळ दिसत होते. यंत्राने दिलेले आकडेही परस्परांशी जुळेनात. तांबड्या पेशींची संख्या अगदी थोडी आणि त्यांचा आकार अवास्तव मोठा. त्याने ती नळी शरीराइतक्या उष्ण पाण्यात काही वेळ धरून ठेवली. रक्त पुन्हा सारखे, पातळ झाले आणि आकडेही जुळले. “साहेब, हे नाशिकला रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा,” एवढेच तो म्हणाला.

आपल्या घरांत थंडीच्या दिवसांत साजूक तूप गोठून रवाळ होते आणि डबा चुलीजवळ ठेवला की विरघळते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. माझ्या रक्ताचे साधारणतः असेच होते, कारण मात्र वेगळे आहे. या व्याधीचे नाव ‘कोल्ड ॲग्लुटिनिन डिसीज’. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंविरुद्ध जी प्रतिद्रव्ये बनविते, तशीच काही प्रतिद्रव्ये ती स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध बनवू लागते. अशा सर्व आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. माझ्या प्रतिद्रव्यांचे वैशिष्ट्य असे, की ती उबेत निष्क्रिय राहतात आणि गारव्यात पेशींना चिकटतात. शरीराच्या गाभ्यातील रक्त सदतीस अंशांचे असते. परंतु बोटे, कान, नाकाचा शेंडा येथे ते थंड हवेत बरेच गार होते. तेथे पेशी एकमेकींस चिकटतात, म्हणून बोटे निळी पडतात. तेच रक्त हृदयाकडे परतताना ऊब घेते आणि प्रतिद्रव्य गळून पडते, पण जाताना ते ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांची खूण पेशीवर ठेवून जाते. त्या खुणेवरून यकृत त्या पेशी वेचून नष्ट करते.

व्यापारी वाचकांना हे हुंडीच्या भाषेत अधिक लवकर समजेल. निरोगी माणसाची तांबडी पेशी म्हणजे सुमारे एकशे वीस दिवसांच्या मुदतीची हुंडी. मज्जा रोज नव्या हुंड्या लिहिते, मुदत भरलेल्या जमा होतात आणि खाते जुळते राहते. माझ्या खात्यात थंडी पडली की हुंड्या मुदतीपूर्वीच वटविल्या जातात. मज्जा रात्रंदिवस नव्या लिहिते, तरी शिल्लक घटत जाते. त्या पहिल्या हिवाळ्यात माझे हिमोग्लोबिन ७.२ वर आले होते.

गारव्यात पेशींना एकत्र चिकटविणारी ही द्रव्ये १९०३ साली कार्ल लँडस्टायनर यांनी प्रथम वर्णिली. रक्तगटांचा शोध लावणारे आणि त्यासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविणारे तेच हे शास्त्रज्ञ. आजार अत्यंत विरळ आहे. नॉर्वेसारख्या थंड देशातही दहा लाखांत वीसच्या आसपास माणसांना तो आढळतो. उत्तर इटलीतील लोंबार्डी या त्यामानाने उबदार प्रांतात हे प्रमाण त्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके भरले. उतारवयातच तो बहुधा प्रकट होतो. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीत असा रुग्ण नसेल. म्हणूनच हे थोडे विस्ताराने लिहिले.

आजार कळल्यावर मला माझ्याच घराचा भूगोल नव्याने शिकावा लागला. आमचे घर जुन्या बाजारपेठेत आहे. शहाबादी फरशी, उंच छत, मागे आड आणि वर गच्ची. पूर्वी उन्हाळ्यात हे घर किती गार राहते, याचे कौतुक होई. आता फरशीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. बिछान्यातून उतरण्याआधीच पायमोजे आणि कापडी चपला चढवितो. टाकीचे पाणी पहाटे बर्फासारखे येते, म्हणून तोंड धुण्यासही बंबातले पाणी लागते. फ्रीजमधील वस्तू काढावयाची झाल्यास नातवाला हाक मारतो. तो गमतीने म्हणतो, “आजोबांचा फ्रीज मीच आहे.” पिण्याचे पाणी उकळून घेण्याची रीत आपल्या घरांत परंपरेने आहेच. ती माझ्या कामी आली. फक्त ते निवू न देता मी कोमट पितो.

घरात तीन ठिकाणी तापमापक टांगले आहेत. माजघर सकाळी सातला सोळा अंश दाखविते, स्वयंपाकघर बावीस, आणि गच्चीची पूर्वेकडील भिंत साडेनऊनंतर तिशीकडे सरकते. त्यानुसार मी दिवसभर घरातल्या घरात प्रवास करतो. सकाळी शेगडीजवळ, दहा वाजता गच्चीवर, दुपारी ओट्यावर आणि सूर्य मावळण्याच्या आधी जेवण आटोपून पुन्हा आत. एका वहीत तारीख, किमान तापमान, लघवीचा रंग, बोटांची स्थिती आणि महिन्याचे हिमोग्लोबिन लिहितो. नाशिकचे डॉक्टर प्रत्येक भेटीत आधी ती वही मागतात. केवळ बाहेरचा पारा पाहून भागत नाही, हे या वहीने शिकविले. बारा अंशांच्या निवांत सकाळी मी पूर्ण आच्छादून फिरलो, तेव्हा काही झाले नाही. आणि चोवीस अंशांत दुचाकीवर मागे बसून लासलगावला गेलो, तेव्हा वाऱ्याने बोटे निळी झाली.

माझ्या धाकट्या बंधूंचे द्राक्षाचे शीतगृह आहे. बागेतून आलेले घड तेथे आधी काही तासांत चार अंशांपर्यंत उतरवितात, मग शून्य अंशाच्या आसपास खोल्यांत ठेवतात आणि शेवटी त्याच तापमानाच्या कंटेनरमधून न्हावाशेव्याच्या बंदराकडे धाडतात. ही साखळी कोठेही तुटली, दोन तास जरी माल उबेत राहिला, तरी देठ सुकतो आणि परदेशातील ग्राहक माल नाकारतो. निवृत्तीनंतर मी हंगामात तेथे हिशेब पाहत असे. खोल्यांत फिरून पेट्या मोजण्याची मला हौस होती. आता दारापाशी जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, त्याच्या अलीकडे मी थांबतो. पहिल्या वर्षी बंधू म्हणाले, “भाऊ, तुम्ही आत येऊ नका. आकडे आम्ही बाहेर आणून देतो.” मालाला जगण्यासाठी शून्य अंश लागतात आणि मालकाच्या भावाला सदतीस. त्या पडद्याबाहेर खुर्ची टाकून मी खतावणीचा मेळ घालतो. कामगार ये-जा करताना पट्टी हलते आणि गार हवेचा झोत पायांवर येतो, म्हणून खुर्ची दोन हात दूर, उन्हाच्या तुकड्यात सरकवून घेतली आहे.

डिसेंबरात एकदा सौ.च्या आग्रहाने नांदूरमध्यमेश्वरला गेलो. निफाडपासून जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. परंतु आजारानंतर हिवाळ्यातील तो माझा पहिलाच प्रवास असल्याने तयारी काशीयात्रेसारखी झाली. दोन कानटोप्या, दोन पायमोजे, हातमोजे, गरम पाण्याची पिशवी आणि थर्मासमध्ये सुंठेचा काढा.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे दगडी बंधारा बांधला गेला. गोदावरीचे कालवे येथूनच निघतात. खालच्या भागातील ऊस आणि धान्य त्या पाण्यावर उभे आहे. बंधाऱ्यामागे शंभर वर्षांत गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना मोठे माहेरघर मिळाले. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून याची निवड झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे येतात, क्रौंचांचे थवे उतरतात. हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी ही मंडळी येथलीच.

पक्षीनिरीक्षक सूर्योदयापूर्वी पोहोचतात. आम्ही चापडगावच्या बाजूला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पहाटेची मंडळी परतू लागली होती. गावातीलच एक तरुण मार्गदर्शक म्हणून आमच्याबरोबर आला. “काका, उशीर केलात. सकाळी साडेसहाला यायचं असतं,” तो म्हणाला. मी कारण सांगितले. त्याने थोडा विचार केला, मनोऱ्यावर नेण्याचा बेत सोडला आणि बाभळीच्या आडोशाला, वारा लागणार नाही आणि ऊन मिळेल अशा जागी दुर्बीण मांडली. धातूची नळी गार होती. तिच्याभोवती त्याने आपला रुमाल गुंडाळून दिला. माणसाची अडचण ऐकून लगेच जागा बदलणारा हा मुलगा मला फार शहाणा वाटला.

दुपारी पक्षी उडत नाहीत, एवढ्यावरून दुपार वाया गेली असे समजू नये. बदके उथळ पाण्यात विसावली होती. कित्येक एका पायावर उभी होती. दुसरा पाय पिसांत ओढलेला, चोच पाठीवरील पिसांत खुपसलेली. मी त्या मुलाला विचारले, “यांचे पाय दिवसरात्र गार पाण्यात, यांना थंडी बाधत नाही?” त्याचे उत्तर ऐकून मी चकित झालो. पक्ष्याच्या पायात खाली जाणारी रक्तवाहिनी आणि वर येणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी एकमेकींना लागून असतात. खाली जाणारे उष्ण रक्त आपली ऊब वर येणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते. पावलापर्यंत पोहोचते ते आधीच निवलेले रक्त, त्यामुळे पाण्यात उष्णता फारशी वाया जात नाही. आणि शरीरात परतते ते तापलेले रक्त. शिवाय एक पाय पिसांत घेतला की निम्मा तोटा वाचतो.

मी दुर्बिणीतून त्या लालसर पावलांकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्या पक्ष्यांचे रक्त गार होऊनही सुखरूप परतते. माझे तेवढे गार झाले तर खूण लागून परतते आणि यकृतात संपते. तलवार बदके सायबेरियाच्या बाजूने, चक्रवाक मध्य आशिया-तिबेटकडून येतात. त्यांच्या मुलखात या दिवसांत पाणी गोठलेले असते, म्हणून ती निफाडला उबेसाठी येतात. ज्या गावाची थंडी मला सोसत नाही, तेच गाव त्यांना हिवाळी मुक्कामाचे उबदार ठिकाण वाटते. सौ. थर्मासमधून काढा ओतीत म्हणाल्या, “अहो, ही पाखरं हजारो कोस ओलांडून ऊब शोधत येतात. आपल्याला कसाऱ्याचा घाट उतरून मुलाकडे जायला काय हरकत आहे?”

हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर लोंबकळत होता. चिरंजीव मुलुंडला राहतात आणि हिवाळ्यात तिकडे येण्याविषयी त्यांचा आग्रह असे. माझी अडचण अशी, की डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्या द्राक्षांच्या हंगामाची तयारी. मजुरांची उचल, पेट्यांची खरेदी, बँकेची कागदपत्रे हे सारे याच दिवसांत. निवृत्त माणसाला कुटुंबात जे एक काम उरते, तेही सोडून जावे, हे मनाला पटत नव्हते. पण वहीतील आकडे निराळे सांगत होते. ऑक्टोबरात अकराच्या आसपास असणारे हिमोग्लोबिन जानेवारीअखेर साडेआठवर येत असे. घरातल्या कोणत्याही खोलीला ते भरून काढता येत नव्हते.

औषधांविषयीही सांगितले पाहिजे. अनेक ऑटोइम्यून आजारांत स्टेरॉइड उपयोगी पडते. या आजारात त्याचा लाभ बेताचाच असतो. पेशी मुख्यतः यकृतात नष्ट होत असल्याने प्लीहा काढूनही फारसे साधत नाही. मला रिटुक्सिमॅबची चार सलाइने, आठवड्यास एक याप्रमाणे दिली. सुमारे निम्म्या रुग्णांना त्याचा गुण येतो. मला आला, पण तो कायम टिकेलच असे नाही. कॉम्प्लिमेंटची साखळीच रोखणारे सुटिमलिमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले. त्याने पेशींचा नाश थांबतो, बोटे निळी पडणे मात्र थांबत नाही. मी रोज फॉलिक ॲसिड घेतो, कारण सतत नवे रक्त घडविणाऱ्या मज्जेला ते लागते. पहिल्या हिवाळ्यात रक्त चढविले, तेव्हा पिशवीतून येणारे रक्त तापविणाऱ्या यंत्रातून नेले आणि खोलीचे वातानुकूलन बंद ठेवले. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ही सूचना द्यावी लागेल, म्हणून ती एका चिठ्ठीवर लिहून खिशात बाळगतो.

त्याच वर्षी पुतणीचे लग्न ठरत होते. येवल्याकडील एक चांगले घराणे होते. मध्यस्थामार्फत चौकशी आली, “मुलीच्या काकांना रक्ताचा काही आजार आहे असे ऐकतो.” बंधू अस्वस्थ झाले. हा विषय गोडीने टाळावा, असे घरातील काहींचे मत पडले. आपल्या समाजात सोयरीक जुळेपर्यंत आजार झाकण्याची पद्धत किती रुळलेली आहे, हे मी वाचकांना सांगावयास नको. मी मुलाच्या वडिलांना दुपारी घरी बोलाविले आणि गच्चीवर उन्हात बसून सर्व सांगितले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. हा संसर्गाने होतो का? नाही. पुढच्या पिढीत उतरतो का? आनुवंशिक आजारांत याची गणना होत नाही. कर्करोग आहे का? येथे मी नेमके तेच सांगितले, जे डॉक्टरांनी मला सांगितले होते : मज्जेतील पेशींचा एक लहानसा गट नको तितका वाढून ही प्रतिद्रव्ये बनवितो, तो अतिशय मंद गतीचा आहे आणि त्यावर नियमित लक्ष ठेवले जाते.

ते काही क्षण गप्प बसले. मग म्हणाले, “साहेब, आमच्या मातोश्रींना अकरा वर्षांपासून एक आजार आहे. पाहुण्यांपैकी कुणालाही आम्ही सांगितलेलं नाही. आपण सांगितलंत म्हणून मलाही बोलता आलं.” पुढे बोलणी सुरळीत झाली. विवाह डिसेंबरात नाशिकच्या एका लॉन्सवर होता. संध्याकाळचा स्वागत समारंभ त्यांनीच रद्द करविला आणि सर्व कार्य भर दुपारी, उन्हात उरकले. वऱ्हाडाला स्वागताला थंड सरबताऐवजी कोमट केशरी दूध दिले गेले. निमित्त मी होतो. पण त्यांच्या मातोश्रीही त्या दिवशी सगळ्यांत मिसळून मोकळेपणाने बसल्या.

लग्न आटोपताच आम्ही मुंबईस निघालो. पहाटेची पंचवटी टाळून दुपारची गाडी धरली. वातानुकूलित डब्याचा मोह सोडला आणि उन्हाच्या बाजूची खिडकी घेतली. खिशातल्या लहान तापमापकावर इगतपुरीला तेवीस अंश होते. कसाऱ्याचा घाट उतरताना बोगद्यांत गारवा, बाहेर ऊन, असे आलटूनपालटून चालले होते. खाली कसाऱ्याला पोहोचेपर्यंत सत्तावीस झाले. चढणीवर गाड्यांना मागून रेटण्यासाठी जी जादा इंजिने लावतात, त्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. बँकेतील माणसाने आयुष्यभर हेच केले, असे मी म्हणालो, तेव्हा सौ. हसल्या. कल्याण मागे पडले, तेव्हा मी हातमोजे काढले आणि बऱ्याच दिवसांनी उघड्या हातांनी शेंगा सोलून खाल्ल्या.

समुद्र जवळ असल्याने मुंबईचा हिवाळा सौम्य असतो. सकाळी सातला नुसत्या सदऱ्यावर इमारतीच्या आवारात फिरता येते, हे सुख निफाडला मला चार महिने मिळत नाही. तथापि मुंबईची स्वतःची थंडी आहे आणि ती बाराही महिने असते. वातानुकूलित लोकल, सराफांच्या पेढ्या, नाट्यगृहे, रुग्णालयांचे प्रतीक्षाकक्ष, सर्वत्र तीच. एका मोठ्या दुकानात सौ. साड्या पाहत असताना वीस मिनिटांत माझी बोटे जांभळी झाली. तेथील विक्रेत्याने खुर्ची बाहेरच्या ओसरीवर आणून दिली आणि साड्याही तेथेच आणून दाखविल्या. आपल्या अनेक वाचकांच्या पेढ्या व दुकाने आहेत. एखादे गिऱ्हाईक भर उन्हाळ्यात स्वेटर घालून आले किंवा थंड पाणी नको म्हणाले, तर त्याच्याकडे विचित्र नजरेने न पाहता वाऱ्याचा झोत दुसरीकडे वळवावा. त्यास खर्च येत नाही.

हंगामाचे काम सुटेल ही माझी भीतीही अर्धीच खरी ठरली. बंधू रोज संध्याकाळी खतावणीच्या पानांची छायाचित्रे मोबाइलवर पाठवीत आणि मी मुलुंडला बसून मेळ घालून परत धाडी. पेट्यांच्या पावत्यांतील एक दुबार नोंद मी तेथूनच पकडली. जे सुटले ते वेगळे होते. पहाटेचा बागेतील धूर, ओट्यावरील मंडळींच्या गप्पा, गव्हाच्या शेतावरचे दव हे छायाचित्रांतून येत नाही. त्याची चुटपुट लागते आणि ती औषधाने जात नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतलो. हिमोग्लोबिन १०.४ होते. जानेवारी निफाडला काढून त्या सुमारास इतका आकडा वहीत कधीच आला नव्हता. बागांत काढणी जोरात होती आणि शीतगृहापुढे ट्रकांची रांग लागली होती.

वाचकांना एक विनंती. थंडीत बोटे निळी पडणे याची कारणे अनेक असतात आणि बहुतेक वेळा हा आजार नसतो. परंतु त्याबरोबर धाप, पिवळेपणा अथवा गडद लघवी असेल, तर रक्त तपासून घ्यावे, आणि नळीत रक्त रवाळ दिसल्याचे कुणी सांगितले तर ती गोष्ट डॉक्टरांपर्यंत अवश्य पोहोचवावी. आणि घरात असा कुणी असेल तर त्याला झाकून ठेवू नये. त्याची खुर्ची उन्हात सरकवावी.

यंदाची तिकिटे डिसेंबरच्या मध्यासाठी काढली आहेत. निघण्याआधी एक दुपार नांदूरमध्यमेश्वरला जाण्याचे ठरले आहे. त्या मुलाला दूरध्वनीवर तसे कळविले, तेव्हा तो म्हणाला, “या काका, अकरालाच या. बाभळीखालची जागा राखून ठेवतो.”